राजीखुशीने

माझ्या वडिलांकडून मी बत्तीस दिवसांत चार उत्तरं पाठ करून घेतली. शाळेत तिसरीच्या पोरांना सतराचा पाढा यायला महिना लागतो, तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या, सगळं विसरत चाललेल्या माणसाच्या मानाने हे काम झटपटच झालं म्हणायचं. त्या वेळी मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला होता. खोटं कशाला बोलू.

मी गायत्री महाजन. बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळच्या एका खाजगी शाळेत शिकवते. वय बावन्न. चोविसाव्या वर्षी लग्न होऊन खंडव्याला गेले आणि दीड वर्षात परत आले. का आले ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे, आणि मी कुणाचंच दुरुस्त करायला गेले नाही. आले त्या दिवशी भाऊंनी मला एक शब्द विचारला नाही. वडिलांना आम्ही भाऊच म्हणायचो. त्यांनी दुपारी सुताराला बोलावलं आणि माडीवरच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. म्हणाले, "ही खोली तुही, माय. झोपतांनी लावत जाय."

भाऊ नेपानगरच्या कागद कारखान्यात होते. तेहतीस वर्षं सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. काम कागद तपासण्याचं. चिमटीत कागद धरून नुसता चोळला की त्याचं वजन सांगायचे आणि तराजूवर टाकला की तेवढंच भरायचं. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी कागद चोळून बघणार, मग नवरा-नवरी कोण ते वाचणार. आई यावरून त्यांना फार चिडवायची.

आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. भाऊ विसरायला लागले त्याला चार. आधी नावं गेली, मग वार गेले. मग एक दिवस पहाटे उठून, तयार होऊन डबा मागायला लागले, आज जनरल शिफ्ट आहे म्हणून. इंदूरच्या डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं. माझ्या धाकट्या भावाने, प्रशांतने, ते मोबाइलवर वाचलं. मी ते घरात वाचत होते.

प्रशांत इंदुरात कंपनीत आहे. बायको निशा, दोन मुलं, दोन खोल्या आणि हॉल. गेल्या वर्षी गणपतीत तो आणि निशा आले. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला.

"ताई, हे आम मुख्तारनामा हाये, पॉवर ऑफ अॅटर्नी. भाऊंची पेन्शन, बँक, घरपट्टी, कोणी तरी एकानं पाह्यलं पाहिजे ना. उद्या भाऊंले सही बी जमणार नाही, मग आपल्याले कायीच करता येणार नाही."

बोलणं सरळ होतं. मी कागद वाचायला घेतला. मास्तरीण आहे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. सातव्या कलमात लिहिलं होतं की मुख्तार, म्हणजे प्रशांत, हे घर विकू शकेल.

"हे विकायचं कायले लिहिलं?"

"फॉर्मॅटच राह्यते तसं." मग म्हणाला, "आणि समज, विकलं तरी काय? तू एकटी किती दिवस करशील? भाऊंले इंदूरले घेऊन जाऊ. तिथं चांगले डॉक्टर हायेत. तू बी चाल ना. हॉलमधी तुह्यासाठी दिवाण टाकू."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. आज मला ते कळतं, त्या दिवशीही कळलं असावं. पण बावन्न वर्षांच्या बाईला तिच्या बापाच्या घरात बसून हॉलमधला दिवाण दाखवला, की तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. सगळ्यांचा टीव्ही बघून होईपर्यंत झोपायचं नाही, पाहुणे आले की चादरीची घडी करून उठायचं. मी त्याला नाही नाही ते बोलले. निशाच्या माहेरापर्यंत पोचले. निशा स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. भाऊ आमच्या दोघांच्या मधे बसून, आरती सुरू झाली असं समजून टाळ्या वाजवत होते.

प्रशांत कागदावर सही न घेताच गेला. पण तो पुन्हा येणार, आणि या वेळी मी शाळेत असताना येणार, हे माझ्या मनाने घेतलं. मन एकदा असं काही धरून बसलं की त्याला पुरावा लागत नाही. मी दुसऱ्याच दिवशी देवराम वकिलाकडे गेले.

देवराम तहसीलसमोर टेबल टाकून बसतो. त्याची पोरगी माझ्या वर्गात होती, म्हणून तो मला मॅडम म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"भाऊ चांगले होते तेव्हा घराचं काय म्हणत होते?"

मला ते पाठ होतं. भाऊंनी ते आईसमोर म्हटलं होतं, प्रशांतसमोर म्हटलं होतं, त्यांच्या कारखान्यातल्या दोस्तासमोर, कौतिककाकांसमोर दहादा म्हटलं होतं. घर दोघांचं, पण गायत्री हाये तोवर तिले तिथून कोणी हालवायचं नाही.

"मग तसंच लिहू ना," देवराम म्हणाला. "तुम्ही हायेत तोवर राहण्याचा हक्क तुमचा. मंग अर्धं अर्धं. भाऊचं बी समाधान, कोर्टकचेरी बी नाही."

त्या क्षणी मी हो म्हटलं असतं तर पुढची ही गोष्ट घडलीच नसती. पण माझ्या डोळ्यांसमोर तो दिवाण होता. मी म्हटलं, "सगळं माझ्या नावानं लिहा."

"आणि पोराले काय दिलं, असं साहेबानं विचारलं तर?"

"त्याले त्याचा हिस्सा आधीच देऊन झाला, असं लिहा."

"दिला हाये का?"

"इंजिनियर कोणी केलं त्याले?"

देवरामने पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाला की एका डॉक्टरकडून मन शाबूत असल्याचा दाखला आणावा लागेल, तो मिळेल. खरी अडचण रजिस्ट्री ऑफिसातल्या साहेबांची. साहेब नवे होते, ग्वाल्हेरकडचे. म्हाताऱ्या माणसाची वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, असली की समोर बसवून चार प्रश्न विचारायचे. नाव काय, वय काय, मुलं किती आणि कुणाला काय देताय, कुणाचा दबाव आहे का. सगळं हिंदीत. मराठीचं त्यांना अक्षर कळत नव्हतं.

"भाऊ मधीच आपल्या बोलीत कायीबाही बोलून गेले तर साहेब म्हणतील, बाबा भटकून राहिले. मंग होणार नाही काम. जे काय असंल ते हिंदीत आणि एका दमात आलं पाहिजे, मॅडम."

आमच्या गावात याचं कुणाला नवल नाही. गाव मध्य प्रदेशात, घरात एक भाषा, ऑफिसात दुसरी. भाऊ तेहतीस वर्षं कारखान्यात हिंदी बोलले होते, पण उंबऱ्याच्या आत कधी नाही. मी परीक्षेला हिंदीचं पाठांतर मोठ्याने करायचे तर म्हणायचे, वर जाऊन कर माय, इथं मले ऑफिसात बसल्यासारखं वाटते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की चार ते पाच मी भाऊंची शिकवणी घ्यायला लागले. समोरासमोर दोन खुर्च्या. एका कागदावर मी चार उत्तरं लिहून काढली होती.

मेरा नाम अनंत श्रीपत महाजन है. मेरी उम्र उनासी साल है. मेरे दो बच्चे हैं, बेटे को उसका हिस्सा दे चुका हूँ, मकान बेटी को दे रहा हूँ. मैं ये काम अपनी राजीखुशी से कर रहा हूँ, मुझ पर किसी का दबाव नहीं है.

पहिले आठ दिवस काही जमेना. भाऊ हसायचे. "हे कोणतं नाटक हाये माय?" म्हणायचे. मग मला युक्ती सुचली. आमच्याकडचा दराबा त्यांना फार आवडतो, रव्याचा, तुपातला, फेटून फेटून हलका केलेला. मी डब्यात आणून ठेवला आणि एक उत्तर बरोबर आलं की एक चमचा तोंडात द्यायला लागले. पोरांना शिकवायची ही पद्धत शाळेत आम्हाला बंद करायला लावली आहे, पण ती लागू पडते हे कोणतीही मास्तरीण सांगेल.

तिसऱ्या उत्तरावर गाडी अडायची. "बेटे को उसका हिस्सा" इथपर्यंत यायचे आणि थांबून माझ्याकडे बघायचे. प्रशांतला ते परशा म्हणायचे.

"परशाले काय दिलं आपण?"

"दिलं ना भाऊ. तुम्ही विसरले."

"विसरलो?" त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. "असंल. विसरलो असंल. कायी राह्यत नाही आता ध्यानात."

असं सात-आठ वेळा झालं. दर वेळी मी तेच म्हटलं. बापाच्या दुखण्यावर बोट ठेवून मी माझं खोटं त्याच्या गळी उतरवलं. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. नवव्या वेळेला त्यांनी विचारलं नाही, उत्तर पुरं केलं आणि मी त्यांना दोन चमचे दिले.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ती जास्त वाईट आहे. त्या दिवसांत भाऊंच्या डोक्यात अजून पुष्कळ काही होतं. शिकवणीला बसले की त्यांना मधेच काही तरी आठवायचं. कारखान्यात एकदा रीळ तुटलं आणि सगळीकडे कागदच कागद झाला ते. आईला बघायला तुकईथडला गेले तेव्हा बस चिखलात फसली आणि आईच्या भावांनीच ती ढकलली ते. रंगात येऊन, हात उडवत, आपल्या बोलीत सांगायला लागायचे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. सरमिसळ होईल, मराठी तोंडात बसेल, अशी मला भीती. मी म्हणायचे, "ते नंतर, भाऊ. आधी उत्तर." ते लगेच गप्प व्हायचे आणि ताठ बसायचे, हात मांडीवर. काही दिवसांनी त्यांनी सांगायचंच सोडलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी मी त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. साक्षीदार म्हणून कौतिककाका आले होते. त्यांना मी सांगितलं होतं की भाऊंच्याच इच्छेप्रमाणे लिहिलं आहे. म्हाताऱ्याने विश्वास ठेवला. दुसरा साक्षीदार देवरामचा मुनशी, त्याचा कारकून. रिक्षात भाऊ माझा हात धरून बसले होते आणि मी त्यांच्याकडून शेवटची उजळणी करून घेत होते.

साहेब तरुण होते, कंटाळलेले. भाऊंना समोर बसवलं आणि विचारलं, "बाबूजी, क्या नाम है आपका?" भाऊंनी सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. असं खणखणीत की शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वर करून बघितलं. मग साहेबांनी वसीयतीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. भाऊंनी तो उचलला, चिमटीत धरला आणि चोळला. त्यांचा चेहराच बदलला. कितीतरी महिन्यांनी मी तो चेहरा बघत होते, तपासणीवाल्या महाजनचा.

"पंच्याहत्तर ग्रॅमचा हाये हा," ते म्हणाले. "पण ओल धरली यानं. गठ्ठा खाली जमिनीवर ठेवत जाऊ नका."

साहेबांनी मुनशीकडे बघितलं. "क्या बोल रहे हैं?" कौतिककाका हसले, त्यांना कळलं होतं. मी खोकले. शिकवणीत भाऊ भरकटले की मी खोकायचे, तशीच. भाऊंनी कागद खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि न विचारता उरलेली दोन्ही उत्तरं एका दमात म्हणून टाकली. बेटे को उसका हिस्सा दे चुका हूँ. अपनी राजीखुशी से कर रहा हूँ. साहेब म्हणाले, "बहुत बढ़िया, बाबूजी." फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले, झालं. त्या दिवशी त्या ऑफिसात भाऊ एकच गोष्ट स्वतःच्या मनाची बोलले आणि तिच्यावर मी खोकले.

घरी आल्यावर मी कागद कपाटात ठेवला आणि त्या रात्री किती तरी दिवसांनी गाढ झोपले.

शिकवणी संपली. मी संपवली, भाऊंनी नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आपणहून खुर्चीवर येऊन बसले, उत्तरं म्हणाले आणि तोंड उघडून थांबले. मी हसले आणि चमचा दिला. पुढच्या आठवड्यात सकाळच्या चहालाही तेच. मग न्हाव्यासमोर. मग दूधवाल्यासमोर. गल्लीतले लोक थट्टा करायला लागले, महाजनकाका सगळ्यांना वसीयत वाटून राहिले म्हणून. मीही पहिल्यांदा त्यांच्यात हसत होते.

थंडी पडली तसं बाकीचं सगळं भराभर गेलं. आईचं नाव गेलं. नेपानगर गेलं. मराठी गेली. भूक लागली, थंडी वाजते, हे सांगायचे शब्दसुद्धा गेले. राहिली ती फक्त चार उत्तरं, कारण तेवढीच कुणी तरी रोज तासभर, गोडाधोडाबरोबर, आत ठोकून बसवली होती. मला त्यांनी जन्मभर माय म्हटलं होतं. आता ते मला साहब म्हणायला लागले. मी समोर गेले की ताठ बसायचे, हात मांडीवर.

प्रशांतला कौतिककाकांनी फोनवर सांगितलं. त्यांना वाटलं त्याला माहीत असेल. संक्रांतीनंतरच्या रविवारी तो एकटाच आला. माझ्याशी बोलला नाही. चपला काढून सरळ भाऊंच्या समोर जाऊन बसला आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू केला. ते कशासाठी हे मला कळत होतं. कोर्टात दाखवायला. मी दारात उभी राहिले. घर जातं आता, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"भाऊ, मी परशा. ओळखलं ना? तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं हे?"

भाऊ ताठ बसले. नाव सांगितलं. वय सांगितलं.

"ते नाही भाऊ. माह्याकडे पाहा. मी तुमचा परशा."

"मेरे दो बच्चे हैं," भाऊ त्याच्याकडे बघत म्हणाले. "बेटे को उसका हिस्सा दे चुका हूँ."

"काय दिलं भाऊ मले? कधी दिलं?"

भाऊंनी चौथं उत्तर म्हटलं, राजीखुशीचं. मग प्रशांतसमोर तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवून बसले.

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. "हे काय? तोंड कायले उघडलं त्यांनी?"

मी आत गेले, डबा आणला आणि भाऊंच्या तोंडात चमचाभर दराबा ठेवला. त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. प्रशांत बघत राहिला. तो हुशार आहे, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने मोबाइल बंद केला आणि भाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग उठला.

"घर ठेव ताई तुले," तो म्हणाला. "मी भांडणार नाही. पण हे त्यांच्या तोंडातून काढ."

तो ओरडला असता, मला मारलं असतं, तर मी तोंडाला तोंड देऊन भांडले असते. भांडण मला येतं. तो पाणीही न पिता गेला आणि मी डबा हातात घेऊन उभी राहिले.

सोमवारी शाळेत रजा टाकून मी देवरामकडे गेले. म्हटलं, वसीयत रद्द करायची आहे. भाऊ म्हणत होते तशी दुसरी करायची.

"रद्द भाऊलेच करावी लागंल, मॅडम. समोर बसून सांगावं लागंल की मले रद्द करायची हाये. मन शाबूत पाहिजे."

"केली तेव्हा शाबूत होतं का?"

"केली तेव्हा तुम्ही शिकवलं होतं," देवराम म्हणाला. त्याने ते टोचून म्हटलं नाही, वकील जसा तारीख सांगतो तसं म्हटलं. मग म्हणाला, "तुम्ही दोघं भाऊबहीण मागून आपसात वाटून घ्या ना. कोण अडवते?"

ते खरंच होतं, आणि आम्ही तसं लिहूनही ठेवलं आहे. पण प्रशांतने मला घराचं काही मागितलंच नव्हतं. त्याने जे मागितलं होतं ते माझ्या हातात होतं असं मला वाटत होतं. मी शिकवलं, मीच विसरायला लावीन. मी चार वाजता पुन्हा खुर्च्या मांडल्या. या वेळी मराठी. भाऊ, म्हणा, माझी बायको विमल. म्हणा, माझा पोरगा प्रशांत. म्हणा, गायत्री माय. एक महिना मी रोज बसले. दराबा दिला, नाही दिला, रागावले, पाया पडले. मी त्यांना तुकईथडच्या बसची गोष्ट सांगितली, मला जेवढी आठवत होती तेवढी. ती अर्धीच होती, कारण उरलेली मी कधी ऐकूनच घेतली नव्हती. भाऊ माझं तोंड बघत बसायचे. मी थांबले की त्यांना वाटायचं आता आपली पाळी. मेरा नाम अनंत श्रीपत महाजन है.

शेवटी मी खुर्च्या उचलून ठेवल्या.

या उन्हाळ्यात, एप्रिलमधे, एक दिवस भाऊंनी सकाळपासून जेवण नाकारलं. दुपारी कण्हायला लागले. अंगावर घाम, पाय सारखे ओढून घेत होते. मी विचारलं, काय होतंय भाऊ, कुठं दुखतंय. त्यांनी मला स्वतःचं नाव सांगितलं. मी रिक्षा केली आणि दवाखान्यात नेलं. तिथे पंचवीसेक माणसं बसलेली. आमचा नंबर आला तेव्हा पाच वाजून गेले होते.

डॉक्टर नवीन होते, हिंदी बोलणारे. त्यांनी भाऊंना खुर्चीवर बसवलं आणि मोठ्याने, आदराने विचारलं, "बाबूजी, क्या तकलीफ़ है? कहाँ दर्द हो रहा है?"

भाऊ ताठ झाले. हात मांडीवर घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "मेरा नाम अनंत श्रीपत महाजन है. मेरी उम्र उनासी साल है."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "ये तो एकदम होश में हैं. नाम, उम्र, सब बता रहे हैं. बाबूजी, पेट में दर्द है?"

"मैं ये काम अपनी राजीखुशी से कर रहा हूँ," भाऊ म्हणाले.

डॉक्टर गॅसच्या गोळ्या लिहायला लागले. उन्हाने असं होतं म्हणाले. एवढं नीट बोलणारा माणूस, दुखत असतं तर सांगितलं नसतं का, असंही म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. भाऊंचा हात माझ्या हातात होता आणि त्यांची नखं माझ्या तळव्यात रुतत होती.

आमच्या मागे दारात लोक उभे होते. त्यात माझ्या शाळेतल्या दोन पोरांच्या आया होत्या. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे यांचं बोलणं नाही." मराठीतच म्हटलं, मग भानावर येऊन हिंदीत म्हटलं. सांगितलं की हे सगळं मी यांना पाठ करायला लावलं आहे. घर माझ्या नावावर करून घ्यायला. यांना स्वतःचं आता काही बोलता येत नाही, दुखलं तरी हेच बोलतात, तुम्ही यांच्या बोलण्यावर जाऊ नका, यांना हात लावून बघा. मी रडत होते आणि माझा आवाज चढला होता. डॉक्टर उठले आणि भाऊंना टेबलावर आडवं करून शर्ट वर केला.

ओटीपोट टम्म फुगलं होतं. आदल्या दिवसापासून लघवी तुंबली होती. एवढं दुखणं तरणाताठा माणूस सहन करू शकत नाही, डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे नळी घातली. भाऊंची मूठ हळूहळू सैल झाली, पाय सरळ झाले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. त्यांचं सगळं म्हणून झालं होतं.

वसीयतीत घर माझंच आहे. माडीवरच्या खोलीत मी आता झोपत नाही, भाऊंच्या खाटेजवळ खाली गादी टाकते. दर दोन तासांनी उठते आणि त्यांच्या पोटावर, छातीवर, पायांवर हात ठेवून बघते, कुठे आवळतंय का, कुठे गरम लागतंय का. विचारून उपयोग नाही. विचारलं की ते उठून बसायला बघतात आणि मला सांगतात की ते हे सगळं राजीखुशीने करत आहेत.